पाचशे रुपयांत नागपूरचा रविवार: आधी वेळ ठरवा, मग जागा

प्रश्न असा आहे. मिहान या उद्योगक्षेत्रातल्या नोकरीसाठी नागपुरात आलेलं कुटुंब मनीषनगरला भाड्यानं राहतं. नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या आई, ज्यांचे गुडघे दुखतात. दर रविवारी मॉलमध्ये दोन-अडीच हजार जातात आणि घरी येताना सगळे चिडलेले असतात. पाचशे-सहाशेत काही जमतं का, आणि नागपुरात मुलांना नेण्यासारखं आहे तरी काय?

जमतं. मी बरीच वर्षं लेकरांची उन्हाळी शिबिरं आणि कॉलनीतल्या कुटुंबांच्या सहली काढत आले आहे. या शहरात पैसा तिकिटांवर जात नाही, चुकलेल्या वेळेवर जातो, हे मी खात्रीनं सांगू शकते. अकरा वाजता घरून निघालात तर उन्हामुळे ऑटो लागतो, साडेबाराला मुलांना भूक लागते, हॉटेलात बसावं लागतं, आणि जेवून बाहेर आलं की ऊन इतकं की परत एसी शोधत मॉल. सकाळी सातला निघालात तर यातलं काहीच होत नाही. म्हणून कुठे जायचं हे नंतर बघा, आधी किती वाजता निघायचं ते ठरवा. मार्च ते जून सकाळी सात ते दहा किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर, पावसाळ्यात उघडीप बघून, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी कधीही. एका वेळी एकच जागा. दोन जागा जोडायच्या तर त्या एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर हव्यात. चार वर्षांचं पोर आणि दुखरे गुडघे बरोबर असताना "आता आलोच आहोत तर तेही बघून घेऊ" हे वाक्य सगळ्यात महाग पडतं.

तुमचं नशीब चांगलं, कारण मनीषनगरला मेट्रोची नारिंगी मार्गिका हाताशी आहे. उज्ज्वलनगर स्टेशनवर या. लिफ्ट आहे, त्यामुळे आईंना जिना चढावा लागत नाही. पहिल्या रविवारी तर दुसरीकडे कुठे जाऊच नका, मेट्रोच फिरा. दक्षिणेकडे खापरीपर्यंत जाताना विमानतळाला लागून गाडी जाते, आणि शेवटच्या काही स्टेशनांत उंचावरचा रूळ खाली उतरून जमिनीला टेकतो. चार वर्षांच्या मुलाला यापलीकडे काही लागत नाही. परत फिरून उलट्या दिशेला निघालात की वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि त्याच्यावर आपण, असा प्रवास होतो. सीताबर्डीला उतरून अॅक्वा मार्गिका धरा. लोकमान्यनगरच्या दिशेनं जाताना सुभाषनगरच्या आसपास अंबाझरी तलावाचं पाणी दिसतं. आईंना खिडकीकडे बसवा. पाच जणांचा हा सगळा फेरा तुमच्या बजेटात आरामात बसतो. गाडीत खायला परवानगी नाही, तेव्हा मुलांना आधीच खाऊ घालून न्या.

दुसऱ्या रविवारी मी कुणालाही कडबी चौकात पाठवते. तिथे मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. नागपुरात राहून हे न पाहिलेली माणसं फार, आणि माझ्या मते लहान मुलांसाठी शहरात याच्यापेक्षा चांगली स्वस्त जागा नाही. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं हे संग्रहालय १४ डिसेंबर २००२ ला सुरू झालं. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातल्या छोट्या गाड्या, वाफेची इंजिनं, डबे, कंदील, सिग्नल, घंटा असं सगळं इथे आहे. मोकळं आवार आहे, झाडं आहेत आणि मुलांसाठी टॉय ट्रेन आहे. पण खरी मजा आजी-आजोबांमुळे येते. छिंदवाड्याकडे जाणारी छोटी लाईन २०१५ पर्यंत चालू होती, नागभीडची २०१९ पर्यंत. ज्यांचं माहेर किंवा आजोळ त्या बाजूला, ती म्हातारी माणसं डब्यासमोर उभी राहून तासभर बोलतात आणि नातवंडं ऐकतात. तुमच्या आई नागपूरच्या नसल्या तरी कोळशाच्या इंजिनाचा प्रवास त्यांनी केलेला असणार. डोळ्यात कोळसा गेल्याची गोष्ट त्यांना सांगू द्या.

जाताना आधी कस्तुरचंद पार्कला उतरा. त्या परिसरात सकाळी तर्री पोहे मिळतात. तुमच्याकडच्या पोह्यांवर लिंबू पिळतात, इथे वर हरभऱ्याची झणझणीत तर्री, म्हणजे तिखट रस्सा, ओततात. मुलांसाठी तर्री वेगळी, नाहीतर नकोच म्हणून सांगा. नागपूरचा "थोडा तिखट" तुमच्या मुलांना झेपणार नाही. पाच जणांचा नाश्ता, चहा धरून, दोनशेच्या आत उरकतो. मग पुन्हा मेट्रोत बसा. गड्डीगोदामला मुलीला खाली बघायला सांगा: रस्ता, त्याच्यावर रेल्वेचा रूळ, त्याच्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर आपली मेट्रो. एकावर एक चार मजली वाहतूक. पुढचंच स्टेशन कडबी चौक. संग्रहालय दहाच्या सुमारास उघडतं, बाराच्या आत बाहेर पडा आणि घरी जाऊन जेवा.

सोमवारचं आताच सांगून ठेवते, कारण दर सुट्टीला कुणी ना कुणी फसतं. हे संग्रहालय सोमवारी बंद, अजबबंगला म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय सोमवारी बंद, महाराजबागेचं प्राणीसंग्रहालय सोमवारी बंद, गोरेवाड्याची सफारीही बंद. सणाची सुट्टी सोमवारी आली की रमण विज्ञान केंद्र धरायचं. ते वर्षातले मोजके दिवस सोडले तर रोज उघडं असतं.

आता सिव्हिल लाइन्सकडचा भाग. झिरो माइल स्टेशनवर उतरलात की तीन गोष्टी जवळजवळ आहेत, पण तिन्ही एका दिवसात नकोत. झिरो माइलचा खांब आणि चार घोडे पंधरा मिनिटांत बघून होतात. हा १९०७ सालचा, त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा दगड आहे. देशाचा अगदी मध्यबिंदू म्हणून लोक फोटो काढतात, पण तुमच्या मुलीला खरं सांगा की हा मोजणीवाल्यांनी रोवलेला खुणेचा दगड आहे. त्यावर कोरलेली गावांची नावं आणि अंतरं तिला वाचायला लावा, आणि घरी जाऊन नकाशात ती गावं शोधायला सांगा. दहा वर्षांच्या मुलीसाठी यात अख्खी दुपार निघते आणि खर्च शून्य.

तिथून जवळच मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजेच आपला अजबबंगला. १८६३ सालचा. तिकीट किरकोळ. पेंढा भरलेले प्राणी, शिलालेख, शस्त्रं, गोंड आणि इतर आदिवासींच्या वस्तू, नाणी, चित्रं असं भरपूर आहे. सगळी दालनं पाहायचा हट्ट धरू नका. मी मुलांना दारातच एक काम देते: एकानं फक्त हत्यारं मोजायची, एकानं फक्त प्राणी शोधायचे, आणि ज्याला चित्र काढता येतं त्यानं एका वस्तूचं चित्र काढायचं. वही-पेन्सिल बरोबर ठेवा. दोन दालनं नीट पाहिली तरी पुष्कळ झालं, उरलेली पुढच्या वेळी. संग्रहालय मोठं, मुलांचे पाय लहान.

महाराजबाग दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. भोसल्यांच्या काळातली ही बाग आता डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत, कृषी महाविद्यालयाच्या आवारात आहे. प्राणीसंग्रहालय जुन्या वळणाचं आहे, पिंजरे बघून मुलगी नाराज झाली तर नवल नाही. माझ्या दृष्टीनं तिथली सावली आणि मोकळी जागा महत्त्वाची. चादर अंथरा, डबा खा. आईंना बाकावर बसता येतं आणि मुलगा दमेपर्यंत धावतो. येताना रोपवाटिकेतून एक तुळस किंवा मोगरा आणा. मुलानं स्वतः उचलून आणलेलं झाड तो स्वतःहून पाणी घालून वाढवतो.

उन्हाळ्यातल्या दुपारी, पारा ४५ ला टेकलेला असताना, बाहेर पडायचंच असेल तर एकच पर्याय: गांधीसागर तलावासमोरचं रमण विज्ञान केंद्र. १९९२ पासून आहे, आणि तारांगण १९९७ पासून. प्रवेशाचं तिकीट वेगळं आणि तारांगणाचं वेगळं, हे खिडकीवर कळतं आणि तिथेच बजेट हलतं. पहिल्या फेरीत प्रवेश आणि तारांगण एवढंच घ्या, बाकी खेळांचं तिकीट नको. तारांगणाचे खेळ मराठी, हिंदी, इंग्रजीत वेगवेगळ्या वेळी असतात, तेव्हा गेल्या गेल्या मराठी खेळाची वेळ विचारा आणि बाकीचं त्याप्रमाणे आखा. चार वर्षांचा मुलगा अंधारात रडू शकतो, म्हणून दारालगतची खुर्ची धरा. बाहेरच्या आवारात डायनासोर आहेत, पण ते ऊन उतरल्यावर. कॉटन मार्केट स्टेशन जवळ पडतं, मात्र मे महिन्यात तेवढंही चालू नका, ऑटो करा. दुपट्टा, टोपी, पाण्याच्या बाटल्या आणि घरचं कैरीचं पन्हं एवढं घेतल्याशिवाय नागपूरकर उन्हात बाहेर पडत नाही, तुम्हीही पडू नका.

तलावांच्या बाबतीत माझं मत बहुतेकांच्या उलट आहे. सगळे फुटाळ्याला संध्याकाळी जातात. पाण्यापलीकडे मावळणारा सूर्य सुंदर दिसतो यात वाद नाही, पण संध्याकाळचा फुटाळा म्हणजे भुट्टे, फुगे, पाणीपुरी, दिवे लागणारी खेळणी आणि गाड्यांची गर्दी. दोन मुलं असली की तिथे चारशे रुपये कुठे गेले हे कळतही नाही. तोच फुटाळा हिवाळ्यात सकाळी साडेसहाला बघा. पाण्यावर धुकं असतं, पक्षी असतात, फिरायला आलेली म्हातारी मंडळी असतात, आणि विकणारे अजून आलेले नसतात. थर्मासमधून चहा न्या. तिथून सेमिनरी हिल्सची झाडी जवळच आहे. आईंना चढ नको असेल तर त्या तलावाच्या भिंतीपाशी बसतील आणि तुम्ही मुलांना घेऊन फिरून या. पावसाळ्यात अंबाझरी भरून वाहते ती बघायला लोक लोटतात. लहान मुलांना घेऊन त्या गर्दीत आणि त्या पाण्याजवळ जाऊ नये. सप्टेंबर २०२३ चा पूर ज्यांनी धरमपेठ-शंकरनगरच्या बाजूला पाहिला, त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

गोरेवाडा? होय, पण वर्षातून एकदा. २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालेली तिथली भारतीय सफारी बसमधून होते. वाघ, बिबट, अस्वल आणि हरणं मोठ्या मोकळ्या आवारात असतात, त्यामुळे महाराजबागेच्या पिंजऱ्यांपेक्षा मुलांना इथे वेगळंच बघायला मिळतं. पाच जणांची तिकिटं आणि तिथवरचा ऑटो धरला तर पाचशेत बसत नाही, म्हणून वाढदिवसाला वगैरे जा, आणि पहिल्या फेरीला जा. ऊन चढलं की प्राणी सावलीला जाऊन आडवे होतात आणि मुलं "वाघ कुठाय, वाघ कुठाय" करत परत येतात. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याची सफारी हा वेगळ्या खिशाचा विषय आहे, इथे बोलत नाही.

दीक्षाभूमीला आईंना आवर्जून न्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती ही जागा. स्तूप भव्य आहे, आत शांतता असते, प्रवेश मोफत, आणि बोधिवृक्षाखाली बसायला मिळतं. दसऱ्याच्या आसपास देशभरातून लाखो लोक येतात. तेव्हा नुसतं फिरायला म्हणून गर्दीत जायचं नाही, त्यांना जागा द्यायची. कामठीचं ड्रॅगन पॅलेसही असंच, शांत आणि स्वच्छ. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो, पुढे ऑटो.

शहराबाहेर जायचं तर एसटी. इथे थोडा हिशेब करू या, कारण बाहेरगावाहून आलेल्यांना आपल्याच सवलती ठाऊक नसतात. मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ च्या पुढच्यांना मोफत. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, पाचच्या आतल्यांना तिकीट नाही. आता तुमचं कुटुंब मोजा: तुमचं पूर्ण, बायकोचं अर्धं, आईंचं अर्धं, मुलीचं अर्धं, मुलाचं काहीच नाही. पाच माणसं अडीच तिकिटांत. आईंचं आधार कार्ड बरोबर ठेवा. शहर बसला हा हिशेब लागू नाही, तिथे वेगळे नियम आहेत.

या अडीच तिकिटांत पहिली सहल रामटेकची करा. अंतर साधारण पन्नास किलोमीटर, गणेशपेठच्या मुख्य बसस्थानकावरून बस मिळते, आणि इतवारीहून रेल्वेही जाते. जायचं ते ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत. उन्हाळ्यात गडाचा दगड इतका तापतो की मंदिराजवळ चपला काढून उभं राहवत नाही. गडावर जायला पायऱ्या आहेत आणि वरपर्यंत गाडीरस्ताही आहे. आई आणि धाकटा ऑटोनं वर जातील, तुम्ही आणि मुलगी पायऱ्यांनी चढा. वर भेट ठरवून ठेवली की कुणी कुणाला ताटकळत ठेवत नाही. राम-लक्ष्मणाच्या मंदिरांइतकंच बघण्यासारखं आहे ते केवल नरसिंहाचं छोटं मंदिर. वाकाटकांच्या काळातलं, पाचव्या शतकातलं, आत बसलेली मोठी नरसिंहमूर्ती. बरेच लोक त्याच्यासमोरून निघून जातात. वाकाटक इथलेच राजे, त्यांच्या काळातलं मनसरचं उत्खनन रामटेकच्या जरा अलीकडे आहे, पण ते दुसऱ्या फेरीला. गडावर माकडं फार. प्रसादाची पिशवी, चिप्सचं पाकीट, पाण्याची बाटली, हातात दिसेल ते हिसकतात. खाऊ बंद पिशवीत ठेवा आणि मुलाचा हात सोडू नका. डबा कालिदास स्मारकाच्या बाजूला बसून खा. पुरी, बटाट्याची भाजी, लोणचं. हिवाळा असेल तर सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, घरून तळून न्या, गार झाली तरी चालते. खिंडसीचं बोटिंग महाग, ते सोडून द्या.

सेवाग्रामही एका दिवसात होतं. वर्ध्याला जायला नागपूरहून भरपूर गाड्या आहेत, पुढे ऑटो. गांधीजी १९३६ पासून तिथे राहिले. बापूकुटीत मातीची भिंत, खाली चटई, एवढंच. मुलं लहान असली तर तासाभरात कंटाळतात, त्यामुळे धाकटा सहा-सात वर्षांचा झाला की जा.

आणि काही दिवस असे की शहरच फुकट करमणूक करतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. तुमच्याकडे हा नसणार. लाकडी बैल सजवून, चाकांवर ओढत, लेकरं नटूनथटून रांगेत उभी राहतात, मग घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मागतात. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली हा सुरू केला असं सांगतात. बाजारात लाकडी बैल शेकड्यांपासून हजारांपर्यंत मिळतो. मोठा घेऊ नका. छोटा घ्या, तोच दरवर्षी रंगवा आणि सजवा. कॉलनीत आधी विचारून ठेवा, बहुतेक सोसायट्यांत तान्हा पोळा भरतो आणि बक्षिसंही असतात. त्याच दिवशी जुन्या नागपुरात मारबतीची, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत लोक धावतात, सोबत त्या वर्षाच्या राजकारणावर आणि महागाईवर टोले मारणारे बडगे, म्हणजे तसेच पुतळे, असतात. इतवारी-महालच्या गल्ल्यांत गर्दी तुडुंब असते, म्हणून चार वर्षांच्या मुलाला खांद्यावरही नेऊ नका. त्या भागात ओळखीच्या कुणाची गच्ची मिळाली तरच जा. मुलीला मात्र बडगे दाखवाच, प्रश्न विचारून विचारून ती तुम्हाला हैराण करेल.

हिवाळ्यात सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा क्राफ्ट मेळा लागतो. देशभरचे कारागीर, लोकनृत्यं, तिकीट थोडकं. तिथे जेवू नका, घरून जेवून जा. मात्र डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन चालू असलं तर सोमवार ते शुक्रवारमध्ये आलेल्या सुट्टीला त्या बाजूला फिरकू नका. मोर्चे, बंद रस्ते, पोलिसांचे अडथळे. शनिवार-रविवार गाठा.

शेवटी सीताबर्डीचा किल्ला. तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि सामान्य लोकांना वर्षातून तीनच दिवस बघता येतो: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. १८१७ साली इंग्रज आणि भोसल्यांची लढाई याच टेकड्यांवर झाली. सीताबर्डी स्टेशनवरून चालत जाता येतं, पण आत चढ आहे. आईंनी तोवर खाली टेकडीच्या गणपतीला जावं, तिथे बसायला जागा मिळते. ओळखपत्र जवळ ठेवा आणि रांग लांबण्याआधी पोचा. तिन्हींत २६ जानेवारी सगळ्यात बरी. १ मेला जायचं झालं तर सकाळी उघडायच्या आधीच दारात उभं राहायचं, नाहीतर त्या दिवशी घरी कुलरसमोर बसलेलं बरं.